डावीकडचा आवाज

पिरनवाडी सोडली की सुरू व्हायचा.
आधी वाटलं खारीचे ट्रे असतील,
मधे गोणपाट कोंबलं.
मग जॅक, स्टेपनी, डाव्या दाराची कडी,
एकेकाला बांधून गप्प केलं.
तरी जांबोटीच्या रस्त्यावर, जरा खड्डा आला की
ट-टक्,
कुणी खालून बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून
विचारावं, आहे का कोण घरात?

उद्यमबागेत, तिसऱ्या फाटकाच्या अलीकडं,
दस्तगीर मेस्त्री.
माझ्याशी मराठीत बोलतो, इराण्णाशी कन्नडमध्ये,
आणि नट सुटेना झाला की नटाशी
आपल्या घरच्या भाषेत.
"कसला आवाज येऊलाय, वहिनी?"
आता आवाज सांगायचा कसा?
म्हटलं, अडकित्त्यात कच्ची सुपारी फुटावी तसा.
"एकदा का दोनदा?"
दीडदा, मी म्हटलं.
तो हसला नाही. मान हलवली.

चाक वर घेतलं. वर-खाली धरून हलवलं,
मग आडवं धरून.
टॉमी घालून आर्म उचलून बघितला.
स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला,
डोळे मिटलेले, आणि इराण्णा बंपरवर उभारून
यल्लम्माच्या जत्रेतल्यागत नाचत होता.
काही नाही.
"चला, फिरवून बघूया."
शेजारी बसला. फाटकाचे रूळ झाले,
फाउंड्रीपुढचा तो कुप्रसिद्ध खड्डा झाला,
ओम्नी एकदम शहाणी.
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा
तशी मी ओशाळले.

तो उतरला. "तुम्ही एकट्या जावा. मी हितं उभारतो."
पहिल्याच खड्ड्याला: ट-टक्.

बराच वेळ तो त्या रिकाम्या सीटकडं बघत राहिला.
ओम्नीत सीटखालीच चाक असतं.
"हितं कोण बसत होतं?"

मालन. माझी नणंद. सहा वर्षं.
मांडीवर उधारीची वही, पायाशी बटरचा डबा,
किणये आलं की हटकून जांभई.
थकलेले पैसे मागायला मी गाडीतून उतरायचे नाही,
ती काच खाली करायची, तेवढ्यानं भागायचं.
श्रावणात लग्न करून हुक्केरीला गेली,
पंचेचाळिसाव्या वर्षी,
कपाट आणि शिलाई मशीन याच गाडीतून.
हे सगळं मेस्त्रीला कशाला?
म्हटलं, बसायचं एक माणूस.
"वजन?"
म्हटलं, होतं.

इराण्णानं सिमेंटचं पोतं आणून सीटवर ठेवलं.
आवाज गेला.
पोतं काढलं. आला.
"लोअर आर्मचा बुश," दस्तगीर म्हणाला,
"आजचा नव्हे हा. दोन वर्षं झाली असतील जाऊन.
वर माणूस बसलं की दबून ऱ्हातंय.
मग कळणार कसं?"
"हदिनेळु," म्हणून हात मागं केला,
सतराचा पाना हातात आला.

तासाभरानं माझ्या तळव्यावर
ग्रीस लागलेलं एक रबर ठेवलं,
एका अंगानं झिजलेलं, चिरलेलं,
लहान पोराच्या मुठीएवढं.
साडेचारशे, मजुरीसकट.

परतताना काहीच वाजलं नाही,
इतकं की किणयेच्या वळणावर
मीच एकदा खाकरून बघितलं.
जुना बुश डॅशबोर्डच्या खणात टाकलाय,
तो इकडून तिकडं गडगडतो. गडगडू दे.

रात्री मालनचा फोन. गाडीचं सगळं सांगितलं.
म्हणाली,
"बघ, मी होते तोवर गाडी कशी धड होती."
मी हो म्हटलं.