चपलेवरून

सराफ बाजारात बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे.
पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते,
तोंड बघू नको, तोंड सगळ्यांचंच गिऱ्हाइकाचं असतं.
चपला बघ.

तर चपला.
टाच झिजलेली, अंगठा तारेनं बांधलेला,
वर लुगड्याला केळीच्या चिकाचे काळे डाग,
सात धुण्यांत न जाणारे.
यावलच्या गाडीतून उतरली असणार.
मी न विचारताच जोडव्यांचा ट्रे सरकवला.
पंखा तिच्याकडे वळवला नाही.

"जोडवे हाएत मले," ती म्हणाली,
"पह्यले पानी दे."

पाणी प्याली. रुमालाची गाठ दातांनी सोडली.
आत आमचीच लाल डबी,
डबीत तिनं घेतलेल्या बाळ्या,
आणि खाली, कापसात, आणखी एक जोडी.
"आखाजीले घेतल्या, दिवाळीले डबी उघडली.
ही जोडी मही नाही."

साडेचार ग्रॅम.
काटा काचेच्या पेटीत थरथरला, थांबला.

त्याच आखाजीला आम्ही गुमानला काढलं होतं.
पावऱ्यांचा पोरगा, सातपुड्याकडचा, दुकान झाडायचा.
चोरी करताना कुणी पाहिलं नव्हतं.
अंगात नवा शर्ट होता, एवढंच.
निळा, इस्त्रीची घडी न मोडलेला.
मीच शेठच्या कानाशी लागलो होतो:
एवढ्या पगारात?

बाईंना खुर्ची दिली. चहा मागवला.
साधी, भोळी, देवमाणूस
असं काहीबाही ठरवूनही टाकलं.
तेवढ्यात तिनं पोहेहार काढायला लावला
आणि घडणावळीवरून अशी भांडली,
समोरच्या दुकानाचा खोटा भाव
इतक्या थंडपणे सांगितला
की शेठ गादीवरून उठून आले.
पावणेदोन तास.
मग पाचशेच्या नोटा मोजल्या, थुंकी लावून,
प्रत्येक बंडल दोनदा.

पायरी उतरताना थांबली.
"तो झाडणारा पोरगा कुठं गेला रे?
मांगच्या खेपेले मही पिशवी
पार स्टँडवर नेऊन दिली त्यानं.
शर्ट मी घेऊन दिला त्याले, निया."

गावी गेलाय, मी म्हणालो.

रात्री त्याचा नंबर लावला.
बाईचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला,
हा क्रमांक सेवेत नाही.

सकाळी शटर वर केलं.
पायरीवर कुणीतरी उभं होतं,
पाठीमागे ऊन, तोंड दिसत नव्हतं.
नजर खाली गेलीच.