पत्रिकेच्या पाठीवरचं माप

पाच कंदिलाच्या मागं, टायरवाल्याला लागून माझं दुकान.
पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव, खाली 'पोलीस व सुरक्षा साहित्य'.
शिट्ट्या, दोऱ्या, पितळी बिल्ले,
आणि पडद्यापलीकडं जाड सुईचं मशीन.

भरतीची पोरं येतात मोबाईल पुढं करत:
असलं जाकीट द्या काकू, सतरा खिशांचं.
सतरा खिशांत काय भरशील रे?
शिट्टी, डायरी, बॅटरी, तंबाखूची पुडी…
पाचव्याला अडतात.
म्हणते, घाल. आता उकिडवा बस.
बुटाची नाडी बांध.
पोटात रुतलं? मग पळताना कुणाला सांगशील?
वेल्क्रो कानाशी धरून उचकटते, चर्रर्र.
अंधारात हा आवाज
तुझ्या आधी पोचेल पलीकडं.

नवा माल मी मे महिन्यात पत्र्यावर टाकते,
धुळ्याचं ऊन काही फुकट जाऊ देत नाही.
चारच्या सुमारास वर चढते:
हलकं बकल पापडासारखं तुटतं,
नायलॉनची कड सुरीसारखी ताठ,
चामडं तेवढं तेल मागत पडून असतं, म्हाताऱ्या बैलागत.
जे उरतं, ते विकते.

कौतिकआबा बँकेच्या दारात एकोणीस वर्षं.
दुनळी बंदूक, काडतुसं पाच,
कमरपट्ट्याला घरं पंचवीस.
रिकाम्या विसात सुपारी, पेन्सिलीचा तुकडा,
एकात चष्म्याचा पडलेला स्क्रू.
खांद्याचा पट्टा निवडायचा तर आबा बोलत नाही,
बंदूक अडकवून दुकानात नुसता उभा राहतो
दहा मिनिटं, पंधरा मिनिटं.
गिऱ्हाईक आलं की सवयीनं दार उघडून देतो.
मग म्हणतो, हा नको, हा मानेला आठवण देतो.
आयुष्यात एकदाही झाडली नाही त्यानं
आणि पट्ट्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

शबनूर तडवी, वनरक्षक, यावलकडून दोन एसट्या बदलून आली.
खात्यानं दिलेलं जाकीट पुरुषाच्या मापाचं,
छातीवर पत्रा, कमरेला गोणपाट.
दोन्ही बगला उसवून मी पाचर घातली.
ती म्हणाली, मले बंदूक नाही दिली ताई,
टॉर्च आहे. तिचं घर जरा खोल करा.
नाल्यात पडते.

आणि आज एक पोरगं.
ओठावर नुकती लव. हातात लग्नपत्रिका,
पाठीमागं बॉलपेननं काढलेला आकार.
कातड्याचं कव्हर पाहिजे. खेळण्याचं आहे.
मी नखानं रेघ चाचपली.
नळी आखूड, मूठ जाड, घोडा बाहेर आलेला,
एक बाजू कानशीनं जास्त खाल्लेली.
आणि मधोमध तेलाचा डाग, बोटाएवढा.
चित्र नव्हतं ते.
वस्तू कागदावर ठेवून भोवती फिरवलेली रेघ होती.

हाई कोनं शे, भो?
गप्प.
लायसन दखाड.
हसलं. दुप्पट पैसे टेबलावर ठेवले,
मग उचलले, आणि गेलं.

नाही शिवलं, हे बरं केलं म्हणते मी.
पण मला हेही ठाऊक आहे,
म्यान नसलं की असली वस्तू कमरेला तशीच खोचतात,
आणि ती खाली बसताना मांडीत सुटते.
चांगला टाका काय काय वाचवतो,
आणि कुणासाठी वाचवतो,
हे मशीनवर बसून ठरत नाही. सुई वरच राहिली.

पत्रिका राहिली माझ्याकडं.
उलटून पाहिली: गणपती, दोन्ही घरची नावं,
शुक्रवार, गोरज मुहूर्त, आग्रहाचं निमंत्रण.

चौकीतला हवालदार शिट्टीची दोरी न्यायला
दर शनिवारी येतो.
आज बुधवार.
मी शटर अर्ध्यावर ओढलं,
चपला शोधतेय.