पॅकिंग खातं

शिवडीच्या एका जुन्या गोदामात चॉकलेटचं म्युझियम निघालंय.
सुनेनं फोनवरच तिकिटं काढली,
माझं ज्येष्ठ नागरिक म्हणून पन्नास रुपये कमी.
दारातच तो वास आला
आणि मी पर्स उघडून पुढे धरली,
सुटताना गेटवर झडतीला धरायचे तशी.
कुणी बघितलं नाही आत.

पहिल्या दालनात झाड, फायबरचं.
फळं फांदीला नाहीत, थेट खोडाला,
आपल्या फणसासारखी.
बावीस वर्षं ह्या फळाचं खाल्लं,
तोंड आज पाहिलं.

पुढे काचेत मूठभर बिया.
मेक्सिकोत कधीकाळी हेच नाणं होतं म्हणे,
शंभर बियांना एक टर्की.
गळ्यात पट्टा घातलेला निनाद नावाचा मुलगा सांगत होता.
मी मनात माझा दर मांडला:
हजार वड्या गुंडाळल्या की सव्वातीन रुपये.
टर्की नाही,
पण सुके बोंबील यायचे, वर कोथिंबीर.

मग भाजणं, दळणं, घोटणं.
तीन-तीन दिवस घोटतात,
तेव्हा कुठे जिभेवरची कचकच जाते.
एक दाणा चाखायला दिला.
कडू, पण कारल्यासारखं ओळखीचं नाही,
हिरडा चघळावा तसं कोरडं.
सगळे हसले. मी गिळला.

शेवटी साचा.
पडद्यावर वड्या पडतायत, सावकाश, व्हायोलिन लावून.
आणि लगेच दुकान.

मी मागे फिरले.
साचा आणि दुकान यांच्या मध्ये
हातभर पांढरी भिंत होती,
आग विझवायचं लाल नळकांडं अडकवलेली.
आम्ही तिथे बसायचो, निनाद.
एका बाकावर अकरा जणी.
फिलोमिना, जैबुन, कांजूरगावची द्वारका म्हात्रे.
वडी वितळू नये म्हणून
आम्ही गोठायचो.
चांदी आत, कागद वर, दोन घड्या, अंगठा.
चांदी आत, कागद वर.
द्वारकेचा अंगठा घासून इतका गुळगुळीत झालाय
की रेशनच्या मशीनवर उमटत नाही,
दर महिन्याला भांडण.
घरी पोरं माझ्या पदराला नाक लावून झोपायची,
मला मात्र कांदा फोडून हुंगल्याशिवाय
घास जायचा नाही.

यातलं काही बोलले नाही.
बाथरूम कुठंय, एवढंच विचारलं.

दुकानात मृण्मयीनं एक वडी घेतली, साडेचारशेची.
कोपरे कसे काटकोनात. मशीनचं काम,
कुठे कुणाचा अंगठा नाही.
तिनं कागद सोडून माझ्या हातात दिली,
खा ना आई, म्हणाली,
आणि पैसे द्यायला वळली.

परत आली तेव्हा वडी
माझ्या तळव्यावर जशीच्या तशी गुंडाळलेली.
अहो, खायची होती ना!

चार सेकंद लागले असतील.
दीडच्या वर गेलं
की मुकादम मान वर करायचा.