सोपो

केपे पालिकेची हद्द
वडाच्या मुळाशी संपायची.
उमावती वेळीप त्याच मुळावर बसे,
अळसांदे इकडे, काटेकणगं तिकडे,
आणि मी, सोपोचं पावतीपुस्तक काखेत,
विचारायचो, आज कुठं?
"ऊन येईल तशी सरकते."
कधी पावती फाडली, कधी नाही.

मग राजपत्र निघालं.
वड आत आला, मागचा डोंगर आला,
तिचं घर, गोठा,
गावचा मांडसुद्धा
वॉर्ड बारा.
कचऱ्याची गाडी मात्र अजून
त्या मुळाशीच वळते.

काल तिनं दहाची नोट
आपणहून पुढं केली.
लिहिता लिहिता सवयीनं पत्ता विचारला.
"तूच सांग," म्हणाली,
"कागद तुझ्याकडे असतो."