झडपेची पाठ

खोपकर सर, इकडे या, चष्मा लावून या.
ही तुमच्या गाडीची झडप.
समोरून नाण्यासारखी गोल,
पाठीवर मात्र बघा,
तव्याच्या बुडाला वर्षानुवर्षं धरते तशी काजळी.
नखानं निघत नाही, पितळी ब्रशखाली कुरकुरते.

हा वरचा मऊ थर यंदाचा.
ऐरोली सेक्टर आठ ते स्टेशन, सव्वा किलोमीटर.
इंजिन अंग शेकायला लागतं तोवर
तुम्ही किल्ली काढून जिना चढत असता.
त्याखालचा हा कडक, चकाकणारा,
लॉकडाऊनचा.
बॅटरी उतरू नये म्हणून रोज दहा मिनिटं
जागेवरच गुरगुरत ठेवलीत ना?
मान खाली घालू नका, मी ओरडत नाहीये.
आणि हा चिकट, डांबरासारखा,
हा तुमच्या मेहुण्याचा.
पिंपातलं सुटं तेल, लिटरमागे शंभर वाचवून.

माझे वडील, याच गाळ्यात, रबाळे नाक्यामागे,
आधी डिपस्टिक हुंगायचे, मग गिऱ्हाइकाचं ऐकायचे.
तेल खोटं बोलत नाही, असलं काही म्हणायचे नाहीत.
म्हणायचे, तेलाला बोलता येत नाही
म्हणून तर आपलं पोट चालतं.
परवा तुमची काडी हुंगली.
पेट्रोलचा वास.
थंड इंजिनात उतरतंच ते तेलात.

नाही, महागड्या पेट्रोलनं नाही जायचं हे.
पंपावरच्या पोरानं शंभरचा आकडा दाखवला असेल.
ऑक्टेन म्हणजे साबण नव्हे, सर.
जुन्या गाड्यांत पेट्रोल झडपेच्या पाठीवरून यायचं,
येता येता तिला न्हाऊ घालायचं.
तुमची नवीन. हिच्यात ते थेट सिलिंडरात उडतं,
पाठीला थेंब लागत नाही.
तिला लागते फक्त तेलाची वाफ,
आणि तापल्या लोखंडावर वाफेचं काय होतं
ते तुम्हीच शिकवलंत ना, घणसोलीच्या शाळेत?
मी तिसऱ्या बाकावर होते. सुलक्षणा भोईर.
आठवत नसेल.
मला पस्तीस पडले होते.

तर, तेल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं,
सीलबंद डब्यातलं. दहा हजारांवर नाही,
तुमच्यासारख्यांनी पाचावर बदलायचं,
नाहीतर सहा महिन्यांनी. फिल्टरसकट.
आणि रविवारी गाडी पळाली पाहिजे.
पामबीचला नको, तिथं सिग्नल आणि कॅमेरे.
उरणच्या बाजूला घ्या, जासई ओलांडून,
पाऊण तास, न थांबता.
काटा मध्यावर येऊन बसला
की तिथून पुढे दहा मिनिटांनी तेल तापतं. तेवढं तापू द्या.

सर म्हणाले, मी जाणार कुठे?
त्या बाजूला माझं कोणी नाही.
मग थोड्या वेळानं म्हणाले,
या बाजूला तरी कोण आहे.

मी हात पुसले. एका चिंधीनं, मग दुसऱ्या चिंधीनं.
शेजारच्या गाळ्यात कुणी टायर बडवत होतं.
आत जाऊन काचेची बरणी घेऊन आले,
झाकणाला पिवळं फडकं बांधलेली.
चिरनेरला माझी मावशी असते, हौसाबाई,
दारात शेवगा आहे, कुणालाही विचारा.
जवळ्याची चटणी भरून आणा तिच्याकडनं.
जेवल्याशिवाय सोडायची नाही, तेवढा वेळ धरा.
बिलात पन्नास कमी करते.

शनिवारी गाडी न्यायला आले.
बरणी त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवली,
क्षणभर बघितलं,
तिला पट्टा लावला.

सुरू केल्या केल्या रेस नका करू, मी ओरडले,
अजून थंड आहे.