टोचणी

कोंबडं झाकलं काय आणि उघडं ठेवलं काय,
सेन्या बेटाच्या या टोकाला नोव्हेंबर सरता सरता
सूर्य उगवायचा राहतोच.
माझ्याकडे तर कोंबडाही नाही. सात कोंबड्या,
होडीच्या जुन्या शेडमध्ये, एका दिव्याखाली,
आणि बाहेर कमरेइतकं बर्फ.
त्यांना मी नावं ठेवत नाही. दोन्ही अर्थांनी.

आधी दिसलं ते एक पीस,
टोकाला रक्त, भुशात उभं रुतलेलं.
मग करडीची पाठ, शेपटीच्या जरा वर,
तळहाताएवढी उघडी.

शेजारचा तोर्लाइफ म्हणाला,
"अंधाराचा कंटाळा आहे हा. त्यांना काम दे."
म्हणून मी कोबीचा गड्डा दोरीला टांगला,
कॉडची डोकी उकडून घातली,
लाल बल्ब लावला, रक्त रक्तासारखं दिसू नये म्हणून,
आणि जखमेवर डांबर,
होडीच्या तळाला फासतात तेच.
दोन दिवस गड्डा हलत राहिला.
तिसऱ्या दिवशी देठ उरला
आणि त्या पुन्हा करडीकडे वळल्या.

मग मी स्टूल घेऊन आत बसले. पाऊण तास.
टोचणारी एकच होती. तपकिरी, देखणी,
सगळ्यांत जास्त अंडी देणारी.
ती टोचायची, बाकीच्या
पडलेलं पीस उचलून गिळायच्या.
एक पांढरी तेवढी काहीच करत नव्हती.
नुसती बाजूला सरायची,
तपकिरीला जागा व्हावी म्हणून.

मासळीच्या कारखान्यात आमच्या पट्ट्यावर नऊ जणी होतो.
गुनवोर आली ती आतल्या दरीतून,
एकोणीस वर्षांची, हात सावकाश.
तिची सुरी लपवायची ती ओडबर्ग.
तिच्या बोलीची नक्कल करायची तीही ओडबर्ग.
मी उभ्या जन्मात तिला एक शब्द टोचून बोलले नाही.
मी हसायचे.
आणि जेवणाच्या बाकावर
माझ्या शेजारच्या रिकाम्या जागी
माझी पिशवी ठेवायचे.
ईस्टरच्या आधी ती बसने गेली.
मुकादमाने विचारलं, पोरीचं काय बिनसलं?
आम्ही म्हणालो, घरची आठवण येत असेल.

वाटतं, करडीलाच बाहेर काढावं.
दुबळं काखेत मावतं, ओरडत नाही.
पण तोर्लाइफची आई सांगायची म्हणे:
जखमीला नेलंस तर परत येईल तेव्हा ती परकी असेल.
टोचणारीला ने.
नेली. चार दिवस धुण्याच्या खोलीत,
यंत्राच्या घरघरीत, एकटी.

तेवढ्यात करडीसाठी पाठीवरचं पांघरूण शिवलं.
कापड हाताला आलं ते कारखान्यातल्या निळ्या झग्याचं,
धुऊन धुऊन मऊ झालेलं, तरी ओलं झालं की
मासळीचा वास सोडणारं.
इलॅस्टिकचे दोन फास पंखांखालून.
झग्यावरचा माझा नंबर, तेवीस,
नेमका तिच्या पाठीच्या मध्यावर आला.
उसवणार होते. राहिलं.

पाचव्या दिवशी तपकिरी परत आत आली,
मान ताठ, जणू कुठे गेलीच नव्हती.
कोणी हललं नाही.
मग ती पांढरी, बाजूला सरणारी,
दोन पावलं पुढे झाली
आणि तपकिरीच्या तुऱ्यावर
पहिली चोच तिने मारली.

मी स्टूलवरून उठले.
परत बसले.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात
ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं, अकरा मिनिटं.
दार उघडलं. करडी उंबऱ्यावर थांबली,
एक पाय वर धरून, बर्फाचा अंदाज घेत.
कापड उचलून पाहिलं: पिसांचे कोंब,
निळसर, बारीक, दाट.
बोट फिरवलं तर टोचतात.

गुनवोरचं आडनाव आठवत नाही.
दाणे टाकताना रोज आठवून बघते.