न धुतलेली बनियन

सतरा वर्षांनी हे घरी आले ते
काळी ट्रंक, कॅन्टीनचे चार साबण
आणि एक जुना पट्टा घेऊन.
पट्ट्याला कुणी नव्हतं.

मी विचारलं नाही.
स्वेटरच्या विणीत पिवळट केस घुसले होते,
बारीक, सुईसारखे.
ब्रश घेऊन बसले तर म्हणाले, राहू दे.

आमचं गाव वडूजच्या अलीकडं.
येरळा इथं नदी कमी, वाळूची वाट जास्त.
घरटी एक फोटो टोपीतला,
कोण तोफखान्यात, कोण सिग्नलला.
"आणि तुमचे?" नळावर बायका विचारायच्या.
मी म्हणायचे, कुत्र्यावर आहेत.
हसायच्या. मीही हसायचे.

एकदाच सांगितलं त्यांनी, तेही शाळूची रास भरताना,
पोत्याचं तोंड शिवत शिवत:
डोंगरातला रस्ता. पुढं ती, मागं हे,
यांच्या मागं चाळीस माणसं.
मध्येच ती बसली.
भुंकली नाही, वळली नाही. बसली.
"रोमा बसली की पुढचा पाय टाकायचा नसतो."
सुतळी दातानं तोडली, दुसरं पोतं ओढलं.

त्या आठवड्यात फोन लागत नव्हता, आणि मी इथं
देव पाण्यात घालून बसले होते.
तिकडं ती नुसती बसली
आणि चाळीस घरांतली कुंकवं जागेवर राहिली.
मी देव पुसून परत देव्हाऱ्यात ठेवले होते.
आता त्यांच्याकडं बघून जरा हसू येतं.

मग एका रात्री फोन आला.
तिच्यावरचा नवा पोरगा, केरळकडचा, बिजेश.
सर, तीन दिवस झाले, तोंड लावत नाही.
मी फोन तिच्या कानाला धरतो. तुम्ही बोला.

हे उठून उभे राहिले.
लुंगीवर होते, तरी सावधानमध्ये.
हुकूम सगळे हिंदीत असतात, एवढं मला माहीत आहे:
बैठ. रुक. ढूंढ.
त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.
"बाय," म्हणाले, "जेव की गं.
रुसलीस व्हय? जेव, माझी बाय."

आतून आमची पोर ओरडली,
"जेवलेय की, बाबा!"

दहा वर्षं फोनवर तिला हे बाय म्हणत आले.
दोघींना एकच शब्द वाटून दिला होता,
आणि मला तो कुठल्या डब्यात ठेवतात
हेही ठाऊक नव्हतं.

पलीकडून आवाज आला,
स्टीलच्या भांड्यात जिभेचा.
लप लप. लप लप.
यांनी स्पीकर लावला.
पोर दारात येऊन उभी राहिली,
आणि आम्ही तिघं त्या फोनकडं बघत राहिलो,
आतलं सगळं दिसत असल्यासारखं.

बिजेश म्हणाला, सर, ते शब्द लिहून पाठवा.
पोरीनं पाठवले, इंग्रजी अक्षरांत.
दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज आला: "बॉय, जेऊकीगा."
पोर लोळून हसली. हेही हसले.
मग तोंड धुवायला गेले.
नळ बराच वेळ चालू होता.

वडूजच्या पोस्टात पार्सल मीच केलं.
आत काय, बाबूनं विचारलं.
बनियन.
नवी?
नाही, म्हणलं. तीन दिवस घातलेली.
आलं काढताना घामेजलेली, न धुतलेली.
त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.
लिहा की, म्हणलं. कपडे.

पहाटे चारला यांना अजून जाग येते.
येत नाही त्या दिवशी
हात बाजेवरून खाली लोंबतो,
बोटं अर्धवट मिटलेली,
एक डोकं मावेल एवढी जागा ठेवून.

आधी मी तो उचलून पांघरुणात घ्यायचे.
आता घेत नाही.